पातेल्याचा तळ

दिलेनियाच्या आईचं म्हणणं असं, की माणसाला खोटं बोलता येतं, भाताला येत नाही. वरचा भात एकवेळ तोंड लपवील, पण तळाची खरपुडी सगळं ओकून टाकते. आच कुठे चुकली, तेल कुठे कमी पडलं, करणारी चुलीपाशी उभी होती की दारात गप्पा छाटत होती, सगळं. ओकोआच्या डोंगरातल्या त्यांच्या घरी म्हणूनच पाहुणा भाताचं कौतुक करायचा नाही. तो ताट पुढे सरकवायचा आणि हळूच विचारायचा, "कोंकोन आहे का?" या कोंकोनवरून, म्हणजे तळाच्या त्या कुरकुरीत खरपुडीवरून, दोन सख्ख्या काकांचा आठवडाभर अबोला झालेला दिलेनियाने स्वतः पाहिला होता.

ऑगस्टमध्ये ती राजधानीत नर्सिंग शिकायला निघाली, तेव्हा बॅगेत कपड्यांच्या वर ओनेलियाने, म्हणजे तिच्या आईने, आपलं पातेलं ठेवलं. जाड ॲल्युमिनियमचं, बावीस वर्षं रोज वापरलेलं. आतून कधी साबण न लागलेलं आणि बाहेरून लिंबू लावून तारेच्या घासणीने असं घासलेलं, की त्यात बघून वेणी घालावी.

"हे नेतेस ना? मग ऐक," आई म्हणाली. "मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायचंय, राहा. पण एक दिवस मी येईन, तुझ्या हातचा भात खाईन आणि तळ बघीन. तळ चांगला निघाला तर खुशाल तिथे राहा. नाही निघाला तर बॅग उचलायची आणि एनेरोलिसा मावशीकडे जायचं. तिच्याकडे निदान वेळेवर जेवशील."

एनेरोलिसा मावशीचं घर विद्यापीठापासून दोन बस लांब. संध्याकाळी सहाला दाराला कडी. घरात तीन पोरं, त्यातलं धाकटं अजून चावायचं. "त्यांना सांभाळता सांभाळता होतो की अभ्यास," असं मावशीने आधीच कळवून टाकलं होतं.

गंमत अशी, की गेल्या अठरा वर्षांत ओनेलियाने लेकीला त्या पातेल्याच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. "तू पुस्तक बघ, भात मी बघते," हेच रोज. पोरीने इमानेइतबारे पुस्तक बघितलं, पहिल्या नंबराने पास झाली, आणि आता परीक्षा लागली ती भाताची.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. राहायला तिघी: दिलेनिया, युदेल्का आणि फियोर. युदेल्का इंजिनिअरिंगची, अंडं उकडायचं तरी आधी सूत्र मांडणारी. फियोर कायद्याची, कांदा चिरायची पाळी आली की कलम शोधणारी. "पाळी ठरली तेव्हा मी खोलीत नव्हते," ती म्हणायची, "म्हणून तो ठराव मला लागू नाही." खायला मात्र ती प्रत्येक ठरावाला हजर असे.

त्यांचा संसार चालायचा तो खालच्या मेलानियोच्या दुकानावर. मेलानियो काहीही, कितीही थोडं विकायचा. लसणाची एकच पाकळी. कागदात गुंडाळलेली दोन चमचे टोमॅटोची पेस्ट. चार बोटं सलामी. वर कोथिंबिरीची काडी फुकट. खिडकीतून ओरडायचं, दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायची आणि वर ओढायची. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर आज काय शिजतंय हे पहिल्या मजल्यावरच्या न्हाव्यालाही ठाऊक असायचं. सोमवारी स्पॅगेटी, त्यात टोमॅटो आणि डब्यातलं दूध. मध्येच कधी उकडलेली कच्ची केळी आणि त्यावर तळलेलं अंडं. अंडी दोन असली तर फियोर मोठ्या गंभीरपणे सांगायची, की एका अंड्याचे दोन भाग करणं न्याय्य, पण तिच्या अंड्याचे नको. आणि महिना संपत आला की सार्डिनचा डबा. तांदूळ, मासे, पाणी, मीठ, सगळं एकदम युदेल्काच्या विजेच्या कुकरमध्ये घालायचं, बटण दाबायचं आणि अभ्यासाला बसायचं.

तो कुकर युदेल्काच्या आत्याने न्यूयॉर्कहून पाठवलेला. त्यात भात कधी लागत नसे. शीत न् शीत मोकळं. आणि तळ इतका स्वच्छ, की भात तिथे कधी राहायला होता यावर विश्वास बसू नये.

दुखणं नेमकं तेच होतं.

आईचं पातेलं फडताळावर नुसतं चमकत बसलं होतं. आता खरं सांगायचं तर पूर्वीसारखं चमकतही नव्हतं. सप्टेंबरमध्ये गल्लीतली लाईट सलग चार दिवस गेली, तेव्हा सगळी गल्ली पातेली बडवत रस्त्यावर उतरली होती. दिलेनियाही उतरली. बाकीच्यांनी आणले होते चमचे, हिने नेला लसूण कुटायचा लाकडी बत्ता. आयुष्यात पहिल्यांदाच हाती आलेलं आईचं पातेलं तिने असं काही बडवलं, की लोक बाजूला होऊन बघायला लागले. पाचव्या दिवशी लाईट आली. पातेल्याचा तळ मात्र एका बाजूने फुगला तो फुगलाच. शेगडीवर ठेवलं की ते डुगडुगायचं.

गुरुवारी आईचा फोन आला.

"रविवारी येते. बाराला पोचते. भात तू करायचा, बीन्स तू करायच्या. मी फक्त अव्होकाडो आणते."

"आई, एवढ्या लांबून कशाला गं..."

"तुझा आवाज बारीक झालाय. जेवतेस ना?"

"जेवते गं."

"मग मला तळ दाखव," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या रात्री तिघींची बैठक बसली. फियोरचं मत पडलं, की सरळ कबुली द्यावी आणि दयेचा अर्ज करावा. युदेल्काने वहीचं पान फाडून आकृती काढली. "सोपं आहे. भात करायचा कुकरमध्ये, तो हमखास होतो. मग पातेल्यात तेल कडकडीत तापवायचं, त्यात तोच भात थापायचा, मोठी आच, पंधरा मिनिटं. खरपुडी तयार."

"आणि नाही झाली तर?"

"तर पापड होईल," युदेल्का म्हणाली. "पण कुरकुरीत होईल."

रविवारी अकराला बीन्स तयार होत्या. त्या दिलेनियाला जमायच्या, कारण बीन्सना तळ नसतो. कुकरमध्ये तांदूळ, पाणी, मीठ, तेल, सगळं मोजून घातलं. दिलेनियाने देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

लाल दिवा लागला. आणि विझला. शेजारचा पंखा थांबला, खालच्या न्हाव्याचं गाणं मध्येच तुटलं आणि सगळ्या इमारतीतून एकदम लांबलचक "हाऽऽ" निघाला.

"गेली," फियोर म्हणाली.

दहा मिनिटं वाट पाहिली. मग दिलेनियाने मुकाट्याने फडताळावरून पातेलं काढलं. कुकरवर टॉवेल टाकून तो कोपऱ्यात सरकवला आणि गॅस पेटवला. आईला भात करताना तिने हजार वेळा पाहिलं होतं, पण पुस्तकाच्या वरून. तेल, मीठ, पाणी उकळलं, तांदूळ टाकले. पाणी आटलं की ढवळायचं, वाफ कोंडायला झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी दाबून बसवायची आणि आच बारीक करायची, एवढं आठवलं. किती बारीक ते आठवेना. पातेलं आपलं डुगडुगत होतं. फुगलेल्या भागावर आच थेट लागायची, दुसरी बाजू अधांतरी. पाऊण तासाने झाकण काढलं तेव्हा एका बाजूने धूर निघाला आणि दुसऱ्या बाजूचे तांदूळ दाताखाली कचकचले.

मधला भात तेवढा बरा होता. दिलेनिया पातेल्यात बघत उभी राहिली. तिला चावरं पोर आठवलं. सहा वाजताची कडी आठवली. इथल्या खिडकीतून दिसणारा ग्रंथालयाचा दिवा आठवला, लाईट गेली तरी तो जनरेटरवर चालू असायचा आणि आपलं काहीतरी चाललंय असं वाटायचं.

फोन वाजला. "उतरले गं. हे पोतं जड आहे."

"तू जा," फियोरने तिला दाराकडे ढकललं. "इथलं आम्ही बघतो."

"काय बघणार आहात?"

"वकिलाला असं विचारत नाहीत. जा."

बसथांब्यावर ओनेलिया पोत्यावर बसली होती. पोत्यात अव्होकाडो आणि कच्ची केळी. एका अनोळखी माणसाला ती राजधानीत लोक किती कमी बोलतात ते सांगत होती. तो बिचारा बराच वेळ काहीच बोलला नसावा.

"आशीर्वाद दे, आई."

"देव भलं करो, बाळा. वाळलीस." दंड चाचपून झाला. "वाळली नाहीस. सुजलीस. काय खातेस?"

"आई!"

तिसऱ्या मजल्यापर्यंत ओनेलिया चार वेळा थांबली आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणाली, "एनेरोलिसाचं घर तळमजल्यावर आहे." तिसऱ्या वळणावर तिने नाक वर केलं. "कोणाचं तरी लागलंय."

"खालच्यांचं असेल," दिलेनिया म्हणाली.

"वास वरून येतोय."

खोलीत टेबल मांडलेलं होतं. फियोरने कॉफी उकळून वास मारायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे आता करपलेल्या कॉफीसारखा वास येत होता. वाडग्यात पांढरा भात, फक्त मधला. बीन्स. तळलेली सलामी. आणि टेबलाच्या मधोमध फुलाफुलांच्या फडक्याने झाकलेली एक मोठी ताटली. पातेलं कुठे दिसेना. दिलेनियाने फियोरकडे पाहिलं. फियोर छताकडे पाहू लागली.

"बसा ना, दोन्या ओनेलिया," युदेल्का म्हणाली. मोठ्या बाईला तिकडे मानाने 'दोन्या' म्हणतात. "प्रवासाने दमला असाल."

ओनेलिया बसली. भाताचा घास घेतला, चावला, थोडा वेळ चावत राहिली. "हं." बीन्स घेतल्या. "बीन्स माझ्यासारख्या झाल्यात. माझ्याहून थोड्या कमी." मग हात पुसले आणि ताटलीकडे बोट केलं. "ते काय?"

"कोंकोन," फियोर म्हणाली, इतक्या झटकन, की वकिली पुढे कशी चालणार याची काळजी वाटावी.

आईने फडकं उचललं.

ताटलीत खरपुडी होती. भरपूर होती. कुरकुरीत, तेलाने लकाकणारी, कोणत्याही पाहुण्याने ताट पुढे करावं अशी. फक्त ती तीन रंगांची होती. एक भाग तपकिरी, त्यात अख्ख्या बीन्स अडकलेल्या. एक भाग केशरी, सलामीचे तुकडे चिकटलेला. आणि एक सोनेरी, त्याला नारळाचा वास.

 खाली मेलानियोचा कुत्रा भुंकला.

"दिलेनिया," आई शांतपणे म्हणाली, "तू पांढरा भात केलास ना?"

"हो, आई."

"एकाच पातेल्यात?"

 ही ताटली दिलेनिया स्वतःच पहिल्यांदा बघत होती. फियोरने घसा साफ केला. "त्याचं असं आहे, दोन्या ओनेलिया. युदेल्काने खिडकीशी उभं राहून धूर बाहेर घालवला. मग शेजारच्या दोन्या तातिकांनी विचारलं काय झालं. मी फक्त वस्तुस्थिती सांगितली."

"काय सांगितलंस?"

"की हिची आई येतेय आणि तळ जळलाय. दोन्या तातिका ही बीन्सवाली घेऊन आल्या. म्हणाल्या, कोणाला सांगू नकोस. मग खालचे न्हावी केशरी घेऊन आले. तेही म्हणाले, कोणाला सांगू नकोस. मग दोरीची पिशवी हलली. वर ओढली तर मेलानियोच्या बायकोची नारळवाली."

"आणि तुम्हाला वाटलं, मी आंधळी आहे?"

"आम्ही म्हटलं, एक ठेवू, दोन खाऊ," युदेल्का पुटपुटली. "पण कोणती ठेवायची यावर एकमत होईना."

तेवढ्यात पंखा गरगरला. न्हाव्याचं गाणं तुटलं होतं तिथूनच सुरू झालं, आणि वरपासून खालपर्यंत सगळी इमारत एका सुरात ओरडली, "लाईट आलीऽऽ!" सवयीने फियोरही ओरडली. आणि मग तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले, कारण कोपऱ्यातल्या टॉवेलखाली काहीतरी टिक् झालं होतं.

बटण दाबलेलंच राहिलं होतं.

सगळ्याजणी ताटाकडे बघत बसल्या. पाच मिनिटांनी टॉवेल गुरगुरायला लागला. मग टॉवेलमधून वाफ आली.

"पोरींनो," ओनेलिया म्हणाली, "तुमचा टॉवेल शिजतोय."

दिलेनियाने मान खाली घातली. "कुकर आहे, आई. रोज त्यातच करतो. त्यात तळ लागत नाही. मला खरपुडी येत नाही. एकदाही आली नाही. आणि पातेल्याला मी पोचा पाडला, लाईटसाठी बडवताना." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "बॅग भरते मी. पण परीक्षा झाल्यावर जाऊ दे मावशीकडे. तिथे ते धाकटं..."

पुढचं तिला बोलता आलं नाही, कारण आईच्या खांद्यांना काहीतरी झालं होतं. दिलेनियाला वाटलं रडतेय. ओनेलिया हसत होती. आधी आवाज न करता, मग टेबल धरून, मग फडक्याने डोळे पुसत. "टॉवेल," ती म्हणायची आणि पुन्हा सुरू. ते पाहून फियोरला हसू फुटलं, युदेल्काला फुटलं. दिलेनिया तेवढी ताठ बसून राहिली, कारण निकाल अजून लागला नव्हता.

आईने नारळवाल्या खरपुडीचा तुकडा मोडला, खाल्ला आणि मग बोलली.

"तुझ्या बापाने मला अंगठी दिली तेव्हा मी म्हटलं, विचार करते. एकदा माझ्या घरी जेवायला आला आणि स्वतःच्या ताटातलं कोंकोन उचलून माझ्या ताटात ठेवलं, तेव्हा हो म्हटलं. या देशात माणूस पैसे उसने देईल, गाढव देईल, पण कोंकोन नाही देणार. एनेरोलिसा माझी सख्खी बहीण. तिने मला आजवर कधी दिलं नाही." तिने ताटलीकडे पाहिलं. "आणि इथे तीन घरांनी दिलं. तुझं नावसुद्धा नीट माहीत नसेल त्यांना."

"न्हावी हिला 'बत्तेवाली' म्हणतात," फियोर म्हणाली.

"राहा इथेच," आई म्हणाली. "तुला इथे कोणी उपाशी मरू देणार नाही. पण त्या टॉवेलच्या भरवशावर राहू नको. आता तुझं आण."

"माझं काय?"

"पातेलं. बघू दे ना तळ. त्यासाठी तीन तास बसमध्ये बसले."

पातेलं न्हाणीत बादलीखाली लपवलेलं होतं. दिलेनियाने ते आणून आईपुढे ठेवलं. ते टेबलावर डुगडुगलं. ओनेलियाने पोच्यावरून अंगठा फिरवला, लेकराच्या कपाळावरचं टेंगूळ बघावं तसा. "बत्त्याने?"

"बत्त्याने."

"लाईट आली तरी का?"

"पाचव्या दिवशी."

"मग ठीक आहे. वाया नाही गेला." चमचा घेऊन ती तळ खरवडायला लागली. एक बाजू कोळसा, ती बाजूला काढली. एक बाजू चिकट लगदा, तीही बाजूला. या दोन्हींच्या मधोमध, कोळसा संपतो आणि लगदा सुरू होतो तिथे, काहीतरी सुटलं. चमच्यावर आलं. जेमतेम दोन बोटं रुंद, पण सोनेरी, पातळ, एकसंध.

ओनेलियाने ते उजेडात धरलं. मागून पाहिलं, पुढून पाहिलं. तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. कुर्रकन आवाज झाला तो तिघींनी ऐकला.

 चमच्याच्या टोकाला अजून एवढासा तुकडा उरला होता. दिलेनियाने हळूच हात पुढे केला.

आईने फाटकन हातावर चापट मारली.

"हा माझा," ती म्हणाली, "तुला हवा तर पुढच्या रविवारी कर."